नखं दाखव

अजूनही कुणी माझा हात हातात घेतला की बोटं आपोआप आत वळतात. बांगड्या भरणाऱ्या कासारापुढेसुद्धा. "बाई, मूठ सोडा की," तो कुरकुरतो, आणि मला त्रिलोकेकर बाई आठवतात. प्रेमानं आठवतात असं कुणी समजू नये. आठवतात, आणि मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं.

लालबागच्या एका गिरणीच्या पाळणाघराच्या त्या मुख्य बाई. मी तिथंच जरा मोठ्या मुलांचा बालवर्ग घेत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. खिडकीबाहेरून मोर्चा गेला की माझी चिमुरडी अ-आ-ई सोडून घोषणा द्यायची, आणि बाई पलीकडून ओरडायच्या, "मास्तरीणबाई, मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, आधी त्यांना नाक पुसायला शिकवा!" कायदा झाला म्हणून मालकांनी नाइलाजानं कापसाच्या जुन्या गोदामात पाळणे टांगले होते. भिंतींना अजून सरकीचा वास यायचा.

बाई गिरगावच्या. जुनं पाठारे प्रभू घराणं, घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांतून मोठ्या हुद्द्यांवर. ह्या मात्र नर्सिंग शिकल्या, लग्न केलं नाही आणि ट्राममध्ये बसून आमच्या धुराड्यांत आल्या. पांढरं सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि अंबाड्यात चांदीचा एक लांब आकडा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण गिरणगावातल्या बायका पोलिसाच्या दांडक्याला भ्यायच्या नाहीत एवढ्या त्याला भ्यायच्या.

सकाळी भोंगा व्हायच्या आधी बाई पाळणाघराच्या दारात स्टूल टाकून बसायच्या. शेजारी फिनेलचं पाणी घातलेला वाडगा. बायका कडेवर तान्ही घेऊन रांगेत. बाई आधी मुलाची पापणी वर करून बघायच्या, मग त्याच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगायच्या, आणि मग आईला म्हणायच्या, "नखं दाखव." दोन्ही हात पुढे, बोटं फाकलेली. नखात काही तपकिरी दिसलं की अंबाड्यातला आकडा निघायचा, नखाखालून फिरायचा आणि फिनेलात बुडायचा. मग "जा घरी." म्हणजे पोर घेऊन जा, आजचा खाडा. पुन्हा सापडली तर पाळणाघरातून नावच कमी. आणि नाव कमी झालं म्हणजे गिरणी सुटली, कारण पोराला ठेवायचं कुठं?

नखात असायची ती अफू. बाळगोळी म्हणायचे तिला. आई गिरणीत, तान्हं शेजारणीच्या भरवशावर. ते रडत राहिलं तर शेजारीण कशाला ठेवून घेईल? म्हणून मोहरीएवढी गोळी चाटवायची आणि कामावर पळायचं. पोर संध्याकाळपर्यंत झोपून. पाळणाघर झालं तरी ती रीत गेली नाही. एका खोलीत दहा-बारा माणसं अंग टाकायची, पाळीपाळीनं झोपायची, तिथं रडणारं पोर कोण ऐकून घेणार? बाई रांगेतल्या पदरांच्या गाठी सोडून गोळ्या काढायला लागल्या, तेव्हा बायकांनी त्या मळून नखात भरायला सुरुवात केली. पोर बोट चोखतं, काम होतं.

हे नखाचं बाईंना सांगितलं ते ठकूनं. ठकू म्हणजे पाळणाघरातली जुनी आया, मालवणकडची, काळीसावळी, ठेंगणी, बोलायला लागली की थांबायची नाही. तिचा एकुलता झील असाच गेला होता. सकाळी चाटवून गेली, संध्याकाळी आली तर पोर थंड. त्यानंतर नवराही गेला. तिनं बाईंना सांगितलं, "बाय, पदरात काय बघतास? नखात बघा." झालं! तेव्हापासून बायकांच्या लेखी ठकू फितूर. नळावर तिची बादली कुणी पुढे सरकवायची नाही.

बाई आणि ठकू ही जोडी बघण्यासारखी होती. एक गिरगावची शुद्ध बोलणारी, दुसरी "मेल्या, तुझा नळा फुटो" म्हणून पोरांना हसवणारी. शनिवारी बाई घरून भानोलं आणायच्या, प्रभूंच्या घरचं ते खाऱ्या केकसारखं, आणि पहिला तुकडा ठकूला. ठकू चाखून म्हणायची, "बरा आसा. पण सुकटीची सर नाय." मग बाई तिच्या डब्यातली सुकट बोटांनी खायच्या. मोठमोठ्या सभांत भगिनींनो-भगिनींनो करणाऱ्या बाया पाहिल्यात मी. गिरणीतल्या आयेच्या डब्यात हात घातलेली एवढीच.

त्रिलोकेकर बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दुखण्यानं कुणी मरत नाही, गुंगीनं मरतात." मूल पडून कोपर सोललं, हे वाक्य. आयेचं डोकं ठणकतंय, हे वाक्य. स्वतःची दाढ त्यांनी भूल न घेता उपटून घेतली होती आणि ती कागदाच्या पुडीत बांधून दुसऱ्या दिवशी आम्हाला दाखवायला आणली. गाल सुजून टम्म. "बघा, मेले का मी?" त्या म्हणाल्या. ठकूनं दाढ उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "बाय, तुमका कोणी सोन्याचा बिल्लो देवक व्हयो." मला त्या दिवशी बाईंचं कौतुक वाटलं नव्हतं, भीती वाटली होती. ज्याला स्वतःचं दुखणं एवढं सोपं वाटतं त्याच्या हाती दुसऱ्याचं दुखणं सापडू नये.

पण त्यांचं काही चुकत होतं म्हणावं, तर तेही नाही. गंगू नावाची एक वाइंडिंग खात्यातली बाई होती. तिनं एकदा मेंदी लावली. सणावाराशिवाय मेंदी, तीसुद्धा नखांसकट! बाईंना शंका आली, पण लाल रंगात काही दिसेना. पोर आत घेतलं. दुपारी ठकू किंचाळली. पोराचे ओठ निळे, श्वास मधूनच यायचा. बाईंनी त्याला खांद्यावर टाकलं आणि गोदामभर फेऱ्या मारायला लागल्या. तळपायांवर चापट्या, तोंडावर गार पाणी, काळ्या कॉफीचे चमचे, पुन्हा चापट्या. डॉक्टर येईस्तोवर एकदाही त्या थांबल्या नाहीत. कॅनव्हासचे बूट फट्‌फट्‌ वाजत होते आणि त्या पोराला म्हणत होत्या, "रड रे राजा, रड ना, हवं तेवढं रड!" शेवटी ते रडलं. बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि आम्ही पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं.

गंगू धावत आली, बाईंच्या पायांवर पडली. बाईंनी तिला उठवलं आणि फाडकन थोबाडीत मारली. नाव मात्र कमी केलं नाही. "एक डाव सोडलं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून पाळणाघरात मेंदी बंद. एका नव्या नवरीनं रडून गोंधळ घातला, सासू भांडायला आली. बाई म्हणाल्या, "रंगीत हातांनी उचललेलं पोर थंड झालं तर सासूबाई, तुम्ही ऊब द्याल?" म्हातारी शिव्या देत गेली. नावं ठेवायला जीभ उचलायची नाही अशी एकही बाई त्या गिरणीत नव्हती, आणि त्या वर्षी पाळण्यात पोर थंड झालं असंही झालं नाही.

ठकूची कंबर दुखायला लागली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. ती स्वतःच म्हणायची, "दुखण्यान कोण मरणा नाय," बाईंची नक्कल करून. मग अंगावर जायला लागलं, मग पाय ओढायला लागला. बाईंनीच तिला परळच्या मोठ्या इस्पितळात नेली. गर्भाशयाचा कर्करोग, मणक्यापर्यंत पोचलेला. महिनाभर ठेवून इस्पितळानं घरी पाठवली. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ठकू माझ्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहायची. तिला कुणी नव्हतं, म्हणून पाळणाघर सुटल्यावर बाई रोज तिच्या खोलीत. धुणं-पुसणं, कूस बदलणं, सगळं त्या करायच्या. लालबागचे डॉक्टर वागळे तिला बघायला यायचे, सिगारेटच्या वासाचे, चिडके, मनानं मऊ. त्यांनी मॉर्फिनचं औषध आणून दिलं. बाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि डॉक्टरांच्या देखत बाटली मोरीत ओतली.

"ही अफू आहे," बाई म्हणाल्या.

"अफूच आहे. अफूचं सत्त्व. तिला आराम पडेल."

"हिचं पोर अफूनंच मारलंय डॉक्टर. तीच हिच्या तोंडात घालू मी? आणि सवय लागली म्हणजे?"

डॉक्टर वागळेंनी रिकामी बाटली उचलली. "त्रिलोकेकर बाई," ते म्हणाले, "सवय लागायलासुद्धा आयुष्य लागतं. ते हिच्याकडे आहे कुठं?"

बाई हटल्या नाहीत. मी दारात उभी होते आणि अंथरुणावरून ठकू हे सगळं ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही. मॉर्फिन म्हणजे काय हे तिला कळलं नसेल, पण आराम पडेल हे कळलं होतं, आणि ते मोरीतून वाहून गेलेलंही तिनं बघितलं होतं.

मग बाई शोधायला लागल्या. गरम विटा, वाळूची पुरचुंडी, निर्गुडीचा शेक, डोकेदुखीच्या गोळ्या मूठमूठ. इस्पितळातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हरांड्यात अडवून विचारायच्या, दुखणं मारेल पण माणसाला गुंगवणार नाही असं काहीतरी असेलच ना? कुणी पाठीत सुई घालून शीर बधिर करू म्हणालं. ते केलं, दोन दिवस बरं गेलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाई संतापायच्या. "क्षयावर औषध निघालं, माणसाच्या हृदयापर्यंत सुऱ्या न्यायला लागले, आणि दुखण्यावर ह्यांच्याकडे अजून अफूच!" त्यांचा संताप खरा होता. आज म्हातारपणी दवाखान्याच्या बाकावर बसते तेव्हा मीसुद्धा हेच म्हणते.

एक दिवस डॉक्टर वागळे नवी सुई घेऊन आले. पेथिडिन. "अफूच्या बोंडाशी हिचं नातं नाही. कारखान्यात रसायनांतून करतात. हिची सवय लागत नाही म्हणतात."

"खात्री?" बाईंनी विचारलं.

"विकणाऱ्याला आहे. मला नाही."

बाईंनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. ठकूला सुई दिली आणि अर्ध्या तासात तिच्या कपाळावरची आठी गेली. किती दिवसांनी! उठल्यावर तिनं पेज मागितली, वर सुकट मागितली. बाई तर पोरीसारख्या झाल्या. शनिवार नव्हता तरी भानोलं घेऊन आल्या, मला हाक मारून तुकडा दिला. "बघा मास्तरीणबाई, निघालं की नाही? माणसानं शोधत राहावं." मी कधी त्यांना एवढं हसताना बघितलं नव्हतं.

आठवडाभरानं सुई लवकर उतरायला लागली. ठकू वेळेआधी मागायला लागली. बाईंचा चेहरा बदलला.

"आत्ता तर दिली ना? परत मागतेस?"

"दुखता गो बाय."

"दुखतंय, का सुई हवीय?"

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. अजून ऐकू येतं. ठकूनं भिंतीकडे तोंड वळवलं. बाईंनी सुया बंद केल्या. डॉक्टर वागळे जिन्यात ओरडले, "अहो, ती मागते कारण तिला दुखतंय! वाढवून द्यायची, बंद नाही करायची!" बाई म्हणाल्या, "सगळ्या अशाच सबबी सांगतात, डॉक्टर. दारात रोज बघते मी." पोरांना गोळी चाटवणाऱ्या बायका आणि मरायला टेकलेली बाई ह्यांत त्यांना फरकच दिसत नव्हता. एवढी वर्षं नखं बघून बघून त्यांना माणसाची नखंच दिसायला लागली होती.

आणि नेमकं तेव्हाच पेटलं. लालबाग-परळला गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गिरण्या बंद, ट्राम बंद. बाई ठकूच्याच खोलीत अडकल्या. डॉक्टर वागळे जखमींसाठी इस्पितळात गेले ते तिकडेच. त्यांच्या दवाखान्याला कुलूप, औषधांची दुकानं बंद, आणि होतं नव्हतं ते मॉर्फिन गोळ्या लागलेल्या पोरांना. ते बरोबरच होतं. पण आमच्या डोक्यावर ठकू ओरडत होती.

ते ओरडणं मी लिहिणार नाही. पहिल्या दिवशी चाळ हळहळली. दुसऱ्या दिवशी चाळीनं दारं लावून घेतली. बाई तिचे पाय चोळत होत्या, पोटाशी धरत होत्या, देवाचं नाव न घेणाऱ्या बाई देवाचं नाव घेत होत्या. मी पाणी घेऊन वर गेले तेव्हा ठकूचा आवाज बसला होता. तिनं बाईंचा हात धरून ठेवला होता आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "बाय, तुम्ही म्हणतास ता खरा. दुखण्यान कोण मरणा नाय. मेलंय असतंय तर सुटलंय असतंय."

बाई उठल्या. पातळ चुरगळलेलं, अंबाडा सुटलेला. सकाळची नळाची वेळ होती, बायका गॅलरीत भांडी घासत होत्या. बहुतेक आमच्याच गिरणीतल्या. बाई पहिल्या दारापुढे थांबल्या.

"गोळी आहे का गं तुझ्याकडे? बाळगोळी?"

ती बाई गडबडीनं उठली, हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही पुढे केले, बोटं फाकवून. "बघा बाय. काय नाय."

बाई पुढच्या दाराशी गेल्या. तिथंही हात पुढे. त्याच्या पुढच्या दारातही. शेवटच्या दारात तर मुलंही आईशेजारी उभी राहून खेळ म्हणून हात पुढे करायला लागली. बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अगं, तपासायला नाही आले मी! मागायला आलेय! ठकूसाठी मागतेय!"

हात तसेच पुढे. ओल्या बोटांवरून पाणी गळत होतं. गंगू तिथंच होती, तीही हात पुढे करून. सगळ्यांची नखं स्वच्छ. बाईंनी किती वर्षं घालवली होती ती स्वच्छ करायला!

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकू गेली. गुंगीनं नाही, दुखून. चाळीतल्या पुरुषांनी पोलिसांची परवानगी काढून चार माणसांत तिला नेली. बाई जिन्यात बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "शेवटी शुद्धीवर होती ना हो?" मी म्हटलं, "होय बाई, पूर्ण." त्यांना बोचावं म्हणूनच म्हटलं, आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

गिरण्या सुरू झाल्या त्या सकाळी मी बालवर्गाच्या दाराशी उभी होते. त्याच महिन्यात मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत जागा मिळाली, त्यामुळे बाई मी बघितल्या त्या शेवटच्या अशा: स्टूल, फिनेलचा वाडगा, समोर रांग. आवाज खाली गेलेला. पापणी वर करायच्या, हुंगायच्या, "नखं दाखव."

गंगूची पाळी आली. मधे इतके दिवस पाळणाघर बंद, नखं घासायची सवय मोडली असणार. तिनं हात पुढे केला आणि तिचं तिलाच कळलं, पण तोवर बाईंनी मनगट धरलं होतं. उजव्या अंगठ्याच्या नखात तपकिरी रेघ होती.

बाईंनी तो अंगठा डोळ्यांजवळ नेला. मग हळू विचारलं, "त्या दिवशी होती तुझ्याकडे?"

गंगू रडायला लागली. "होती, बाय."

"मग दिली का नाहीस?"

"कशी देणार? नाव काढलं असतं तुम्ही. एक डाव सोडलं होतं. परत सोडलं असतं काय?"

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला. नखाखालून फिरवला. टोकाला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चिकटून आलं. हात नेहमीसारखा वाडग्याकडे गेला आणि वर थांबला. मागे रांग खोळंबली, भोंगा झाला, कुणीतरी "बाय, उशीर होताहा" म्हणालं. बाई त्या आकड्याच्या टोकाकडे बघतच होत्या. एवढ्यानं ठकू एक रात्र झोपली असती.

"बाय," गंगूच म्हणाली, "टाका ना ती."

बाईंनी आकडा फिनेलात बुडवला. तो पदराला पुसला, पण अंबाड्यात परत खोचायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मग गंगूच्या कडेवरचं पोर त्यांनी स्वतःच्या कडेवर घेतलं, त्याच्या तळपायावर एक चापट मारली. ते रडलं.

"जा कामावर," त्या गंगूला म्हणाल्या. आणि रांगेकडे न बघता, "पुढची."